'अप्रीती'चे अपील : टिळक खटला आणि ज्युरीला सांगितलेला कायदा

मुंबई हायकोर्टात ४६ क्रमांकाच्या कोर्टरूमबाहेर एक संगमरवरी पाटी आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी तिचे अनावरण केले. १९०८ साली ज्युरीने दोषी ठरवल्यानंतर लोकमान्य टिळकांनी कोर्टात जे चार शब्द उच्चारले, ते तिच्यावर कोरले आहेत. पाटीमुळे १९०८चा खटला सगळ्यांना ठाऊक असतो. मंडाले, सहा वर्षे काळे पाणी, गिरणी कामगारांचा संप, हे शाळेच्या पुस्तकातही येते. त्याच्या अकरा वर्षे आधीचा खटला मात्र 'दीड वर्षाची शिक्षा' एवढ्या एका ओळीत संपतो.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर खरा खटला १८९७चाच. राजद्रोह म्हणजे काय, हे त्या वेळी नऊ माणसांच्या ज्युरीला एका न्यायाधीशाने समजावून सांगितले. ते चुकीचे सांगितले, असे म्हणत टिळकांचे वकील आधी मुंबईत आणि मग थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. भांडण एका शब्दाच्या अर्थावर होते. त्या अर्थावर या देशातल्या कोर्टांचे एकमत व्हायला १९६२ साल उजाडले. 'राजद्रोह' आणि 'दोन समाजांत तेढ' ही दोन कलमे आपल्या समाजातल्या वकिलांना, पत्रकारांना आणि त्यांच्या घरच्यांना आज पाठ असतात. त्यांची मुळे याच खटल्याच्या आसपास आहेत, म्हणून हा लेख.

आधी ज्युरीचे काम कसे चालायचे ते पाहू. आज कोर्टात ज्युरी नसल्याने नव्या पिढीला ती फक्त 'रुस्तम' सिनेमात दिसते. हायकोर्टाच्या सेशन्समध्ये नऊ ज्युरी असत. साक्षी झाल्या, दोन्ही बाजूंची भाषणे झाली की न्यायाधीश ज्युरीकडे वळून स्वतः भाषण करी. त्याला 'चार्ज' म्हणत. पुरावा काय आला याचा गोषवारा आणि कायदा काय आहे याची समजावणी, ही त्याची दोन कामे. घडले काय, हे ठरवायचा अधिकार ज्युरीचा. कायदा काय, हे सांगायचा अधिकार न्यायाधीशाचा, आणि तो सांगेल तो कायदा ज्युरीने मुकाट्याने मानायचा. मग ज्युरी आत जाई आणि बाहेर येऊन 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढेच सांगे. कारण देत नसे. कारण विचारायचेही नसे.

इथेच अपिलाची अडचण सुरू होते. निकालपत्र असेल तर वरच्या कोर्टात बोट ठेवून सांगता येते की अमुक परिच्छेदात तमुक साक्ष चुकीची वाचली. एका शब्दाच्या निकालावर बोट कुठे ठेवणार? ज्युरीच्या खटल्यात कारणमीमांसा उघडपणे बोलली जाते ती एकाच ठिकाणी, न्यायाधीशाच्या चार्जमध्ये. त्यामुळे अपील म्हणजे त्या भाषणाची चिरफाड. जिल्ह्यांतल्या ज्युरी खटल्यांसाठी फौजदारी संहितेने नियमच असा केला होता की अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर चालेल, आणि न्यायाधीशाने चुकीची समजावणी दिल्यामुळे किंवा ज्युरीला ती नीट न समजल्यामुळे निकाल चुकला असेल तरच तो बदलता येईल. कलकत्ता हायकोर्टाच्या फुल बेंचने १८६६ सालीच इलाही बक्ष याच्या प्रकरणात याची वाट आखून दिली होती. गुन्ह्यातला साथीदारच साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीला दुसरा दुजोरा नसला, तर तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, ही सूचना ज्युरीला न देणे हीसुद्धा कायद्याची चूक आहे, असे मुख्य न्यायमूर्ती बार्न्स पीकॉक यांनी म्हटले. सोबत एक अटही जोडली. त्या चुकीमुळे आरोपीचे नुकसान होऊन न्याय फसला आहे, असे वरच्या कोर्टाला वाटले पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

आता पुणे. १८९७चा जून. प्लेग, दुष्काळ, रँडसाहेबाच्या घरझडत्या. त्या वर्षीचा शिवराज्याभिषेक उत्सव जूनच्या मध्यास झाला. प्रा. भानू अफझलखानाच्या वधावर बोलले. अध्यक्षपदावरून टिळकांनी गीतेचा दाखला देऊन सांगितले की महाराजांनी ते स्वार्थासाठी केले नाही, तेव्हा दोष लागत नाही. १५ जूनच्या 'केसरी'त उत्सवाची हकिकत आली, आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविताही, खाली 'भवानी तलवार' अशी निशाणी. २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. आरोप खुनाचा नव्हता. खुनाशी त्यांचा संबंध जोडणारा पुरावा सरकारकडे नव्हताच. आरोप होता कलम १२४-अ चा, लिहिण्याचा.

अफझलखान हा शब्द आला की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडते, आणि त्याला कारणे आहेत. १८९३च्या मुंबईच्या दंगलीनंतर टिळकांनी जे लिहिले, गणेशोत्सवाला जे वळण लागले, त्याची चर्चा वेगळी करावी लागेल. पुढे १९०६ साली त्यांनीच 'मराठा'मध्ये लिहिले की शिवाजी उत्सव मुसलमानांविरुद्ध नाही. तो बदल कितपत मनापासून होता यावर मतभेद असू शकतात, माझे मत बरेचसे टिळकांच्या बाजूने झुकते. पण १८९७च्या खटल्यात मुसलमान दुखावले की नाही, याच्याशी सरकारला काही कर्तव्य नव्हते. सरकारची काळजी अशी होती की वाचकाने अफझलखानाच्या जागी इंग्रज वाचला तर?

या खटल्यात दोन मुसलमान नावे येतात. फिर्याद दाखल केली ती सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर मिर्झा अब्बास अली बेग यांनी. देशी वर्तमानपत्रांची भाषांतरे सरकारला पुरवणारे हे खाते, तेव्हा सरकारी आदेशाने त्यांच्या नावावर फिर्याद जाणे ओघानेच आले. दुसरे नाव न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे टिळकांना जामीन मिळाला नव्हता. खटला सेशन्सकडे गेल्यावर ४ ऑगस्टला तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज आला आणि त्यांनी जामीन दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. आरोपी पळून जाणार आहे का, हा प्रश्न. आणि महिनाभर कोठडीत ठेवून शेवटी ज्युरीने त्याला निर्दोष सोडले, तर त्या महिन्याचे काय? तय्यबजी हे १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. त्या दिवशी टिळकांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. हे नाव पुन्हा येईल.

कलम १२४-अ मूळ दंडसंहितेत नव्हते. मेकॉलेच्या मसुद्यात तसे कलम होते, पण १८६०च्या कायद्यात ते आलेच नाही. १८७० साली जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने ते घातले. ती वेळ वहाबी चळवळीवरच्या धरपकडीची होती. कलकत्त्याचे चामड्याचे व्यापारी अमीर खान यांना १८१८च्या रेग्युलेशनखाली बिनचौकशी डांबल्याचे प्रकरण त्याच वर्षी कोर्टात गाजत होते. म्हणजे ज्या कलमाने पुढे टिळक आणि गांधी तुरुंगात गेले, ते जन्माला आले तेव्हा सरकारच्या डोळ्यांपुढे पाटण्याचे आणि कलकत्त्याचे मौलवी होते.

त्या कलमाचा सगळा भार एका इंग्रजी शब्दावर होता, डिसअफेक्शन. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत त्याला 'अप्रीती' म्हणतात. सरकारविषयी अप्रीतीची भावना चेतवणे हा गुन्हा. कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले होते : सरकारच्या उपायांविषयी नापसंती व्यक्त करणे, कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याची वृत्ती कायम असेल तर, अप्रीती नव्हे. आता अप्रीती म्हणजे नेमके काय? १८९१ साली कलकत्त्यात 'बंगबासी' पत्रावर या कलमाखालचा पहिला मोठा खटला झाला. मुख्य न्यायमूर्ती पेथरम यांनी ज्युरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीच्या उलट भावना, तिटकारा किंवा द्वेष. तिथे ज्युरीचे एकमत झाले नाही आणि पेथरम यांनी एकमताशिवाय निकाल घ्यायला नकार दिला. पुढे माफीनामा आला आणि खटला बारगळला. त्यामुळे ही व्याख्या बरोबर की चूक, हे वरच्या कोर्टात तपासायची वेळच आली नाही.

मुंबईत ८ सप्टेंबर १८९७ला खटला उभा राहिला. न्यायाधीश आर्थर स्ट्रेची, चाळिशीही न गाठलेले, सर जॉन स्ट्रेचींचे चिरंजीव. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. लेख मराठी, कविता मराठी, आणि ज्यांनी त्यांचा अर्थ ठरवायचा त्यांतल्या बहुसंख्यांना मराठीचा गंध नाही. सगळे सरकारी भाषांतरावर. कवितेतला उपहास, रूपक, जुन्या बखरीचा सूर भाषांतरात किती उरतो हे कुठल्याही अनुवादकाला विचारा.

शेवटच्या दिवशी, १४ सप्टेंबरला, स्ट्रेचींनी ज्युरीला चार्ज दिला. तो लांबलचक आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर वाचताना तो माणूस दुष्ट वाटत नाही. लेख पूर्ण वाचा, एकेक वाक्य तोडून पाहू नका, असे त्यांनी सांगितले. पण कायदा समजावताना ते म्हणाले की अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. त्यात द्वेष, वैर, नावड, शत्रुत्व, तिरस्कार, सरकारविषयीची प्रत्येक तऱ्हेची वाईट भावना आली. ती भावना किती तीव्र आहे याला महत्त्व नाही. तिच्यामुळे प्रत्यक्षात दंगा झाला की नाही, लेखकाला दंगा हवा होता की नाही, यालाही महत्त्व नाही. भावना चेतवली किंवा चेतवायचा प्रयत्न केला, बस्स. आणि ते नापसंतीचे स्पष्टीकरण? सरकारच्या एखाद्या उपायावर कितीही टीका करा, तिथे ते तुम्हाला वाचवेल. सरकार या संस्थेवरच बोललात तर नाही.

'केवळ प्रीतीचा अभाव.' दुष्काळात सारा भरणाऱ्या सोलापूरच्या शेतकऱ्याला राणीसरकारविषयी प्रीती होती का? स्ट्रेचींच्या व्याख्येने पाहिले तर तटस्थ माणूसही संशयित ठरतो, कारण त्याला प्रेम नाही. गंमत अशी की आपल्या 'अप्रीती' या शब्दाची फोडही तशीच होते, अ-प्रीती. मराठी शब्द घडवणाऱ्याने नकळत स्ट्रेचीसाहेबांचाच अर्थ शब्दात भरून ठेवला.

ज्युरी परत आली ती सहा विरुद्ध तीन अशी. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. इथे एक आकडा पाहण्यासारखा आहे. हायकोर्टातल्या ज्युरीचे एकमत नसेल तर नऊपैकी किमान सहा जणांचे मत जुळावे लागे आणि न्यायाधीशाला ते पटावे लागे, तेव्हाच निकाल घेता येई. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर टिळक त्या दिवशी दोषी ठरले नसते. म्हणून समजावणीतला शब्द इतका जड होता. कायदा जरा अरुंद सांगितला असता तर सहांतला एखादा डगमगला असता का? स्ट्रेचींनी निकाल स्वीकारला आणि अठरा महिने सक्तमजुरी सुनावली.

आता अपील. खरे तर अपील हा शब्दच चुकीचा, कारण हायकोर्टाच्या सेशन्समधल्या शिक्षेवर अपीलच नव्हते. जिल्ह्यातल्या चोराला जे मिळत होते ते मुंबईच्या हद्दीत शिक्षा झालेल्या माणसाला मिळत नव्हते. (ही विसंगती दूर करणारे कलम आले १९४३ साली.) वाटा दोन-तीनच. एक, खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाने स्वतःच कायद्याचा मुद्दा फुल बेंचसाठी राखून ठेवायचा. म्हणजे माझे चुकले असेल असे त्याने स्वतः म्हणायचे. दुसरी, अॅडव्होकेट जनरलने दाखला द्यायचा, आणि अॅडव्होकेट जनरल तर फिर्यादीच्या बाजूने उभा. तिसरी, हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे नेण्याजोगे आहे असे प्रमाणपत्र हायकोर्टाने द्यायचे. टिळकांच्या वकिलांनी तिसरी वाट धरली. अर्ज ऐकायला मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्या. कँडी आणि तिसरे न्या. स्ट्रेची बसले. होय, तेच. आपल्याच भाषणात चूक आहे का हे ठरवणाऱ्या तिघांत ते एक. प्रमाणपत्र मिळाले नाही.

मग लंडन. प्रिव्ही कौन्सिलची खास परवानगी मागायची होती. टिळकांच्या वतीने उभे राहिले हर्बर्ट अॅस्क्विथ, इंग्लंडचे माजी गृहमंत्री. त्यांचा मुद्दा स्वच्छ होता : कायद्यातली अप्रीती ही एक प्रत्यक्ष वैरभावना आहे, प्रेमाची नुसती उणीव नव्हे. ज्युरीला चुकीचा कायदा सांगितला गेला, त्यामुळे निकाल टिकत नाही. १९ नोव्हेंबर १८९७ रोजी अर्ज फेटाळला गेला. अध्यक्षस्थानी लॉर्ड चॅन्सेलर हॉल्सबरी होते, आणि ते त्याच मंत्रिमंडळाचे सदस्य होते ज्यात भारतमंत्री बसत. समजावणी एकंदरीत वाचली तर हस्तक्षेप करावा असे काही दिसत नाही, असा निर्णयाचा रोख.

इथे ती जुनी अट आडवी आली, अधिक कडक होऊन. प्रिव्ही कौन्सिलने १८८७ साली ब्रिटिश होंडुरासमधल्या डिलेट नावाच्या वकिलाच्या प्रकरणात आपली मर्यादा ठरवून घेतली होती. फौजदारी प्रकरणात आम्ही पडणार नाही, जोपर्यंत कायद्याची रीत धुडकावून किंवा नैसर्गिक न्यायाचा भंग होऊन मोठा आणि उघड अन्याय झालेला नाही. डिलेटची शिक्षा तिथे रद्द झाली होती. पण पुढे हे वाक्य दार उघडण्यापेक्षा बंद करायला जास्त वापरले गेले. साम्राज्यभरातल्या फाशीच्या कैद्यांचे अर्ज याच वाक्यावर आपटून परत येत.

न्यायाने सांगायचे तर तेव्हा इंग्लंडमध्ये इंग्रजांनाही फारसे अपील नव्हते. तिथेही न्यायाधीशाने मुद्दा राखून ठेवला तरच. अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला भलत्याच्याच गुन्ह्यांसाठी तुरुंगात जावे लागले. त्याचा बोभाटा झाल्यावर १९०७ साली फौजदारी अपिलाचे कोर्ट स्थापन झाले. त्यानंतरचे एक उदाहरण टिळकांच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहावे. १९३४ साली डॉर्सेटमधल्या वूलमिंग्टन या एकवीस वर्षांच्या शेतमजुराच्या हातून त्याची तरुण बायको बंदुकीच्या गोळीने मेली. तो म्हणाला, चुकून सुटली. न्यायाधीशाने ज्युरीला सांगितले की मारणे सिद्ध झाले की तो खूनच समजायचा, खून नाही हे दाखवणे आरोपीचे काम. ज्युरीने दोषी ठरवले, फाशी झाली. १९३५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती एक समजावणी चुकीची म्हणून शिक्षा रद्द केली, आणि गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारी पक्षावरच असते, हे तत्त्व लॉर्ड सँकींनी असे मांडले की आजही जगभर त्याचा दाखला देतात. चार्जमधला शब्द बदलला की माणसाचा गळा वाचतो, हे तिथे दिसले. त्या मजुराला अपिलाचे कोर्ट होते, टिळकांना नव्हते.

लंडनला अर्ज गेला त्याच सुमारास मुंबई हायकोर्टात दुसरे एक प्रकरण आले, आणि ते टिळकांइतके कोणाला आठवत नाही. इस्लामपूरचे 'प्रतोद' पत्र. सातारच्या सेशन्स जज्जाने संपादक आणि मालक यांना जबर शिक्षा ठोठावल्या होत्या. हे जिल्ह्यातले प्रकरण असल्याने अपील होते. फॅरन, पार्सन्स, रानडे यांच्या फुल बेंचने शिक्षा कायम ठेवल्या पण बऱ्याच कमी केल्या. शब्दाविषयी मात्र पार्सन्स यांनी स्पष्ट लिहिले की अप्रीती म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव घेता येणार नाही, तिचा अर्थ राजकीय दुरावा, निष्ठेचा अभाव असा खास आहे. रानडे आणखी पुढे गेले. त्यांच्या मते ती सत्तेला धुडकावण्याकडे झुकणारी प्रत्यक्ष वैरभावना असायला हवी. जामीन न देणारे हेच दोघे, पार्सन्स आणि रानडे. ज्या शब्दासाठी टिळक येरवड्यात सूत कातत होते की दोर वळत होते, त्या शब्दाचा अर्थ त्यांच्याच हायकोर्टात त्याच वर्षी दोन न्यायमूर्तींनी वेगळा लावला. टिळकांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

उत्तरेकडे अलाहाबाद हायकोर्टाने मात्र स्ट्रेचींचीच री ओढली. मुरादाबादच्या 'जामिउल उलूम' या उर्दू पत्राचे संपादक अंबाप्रसाद यांचे ते प्रकरण. नंतर 'सूफी अंबाप्रसाद' म्हणून ओळखले गेलेले, इराणात जाऊन शिराझला मातीत मिसळलेले, तेच. एका हिंदूने चालवलेले अरबी नावाचे उर्दू पत्र आणि एका मराठी पत्राच्या खटल्यातला चार्ज. इंग्रजी कायद्याने देश असाही जोडला होता.

सरकारने या मतभेदातून मार्ग काढला. १८९८ साली कलमच नव्याने लिहिले. 'द्वेष' आणि 'तिरस्कार' हे शब्द घातले, अप्रीतीत निष्ठेचा अभाव आणि वैराच्या सगळ्या भावना येतात असे स्पष्टीकरण जोडले. म्हणजे ज्या समजावणीवर आक्षेप होता तिच्यातले बरेचसे आता कायदाच झाले. न्यायाधीश चुकीचे सांगतो अशी तक्रार करायची सोय उरली नाही. त्याच कायद्याने आणखी एक नवे कलम आणले, १५३-अ, समाजासमाजांत शत्रुत्व वाढवणे. आज नव्या संहितेत त्याचा आकडा १९६ झाला आहे.

टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीच्या आधी सुटले. मॅक्स म्युलरसारख्यांनी राणीकडे केलेल्या अर्जाचा त्यात हात होता. कोर्टाने न दिलेले विनंतीने मिळाले.

१९०८. पुन्हा तेच हायकोर्ट, तेच कलम. आता न्यायासनावर दिनशा दावर, १८९७ साली टिळकांचा जामीन मागणारे. जामिनाचा अर्ज घेऊन उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि हाती दाखला तय्यबजींच्या जुन्या हुकमाचा. दावरांनी तो नाकारला. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. चार्ज टिळकांविरुद्ध कडक. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षे. दादासाहेब खापर्डे विलायतेला गेले, प्रिव्ही कौन्सिलपुढे पुन्हा अर्ज झाला, पुन्हा फेटाळला गेला. त्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान कोण? १८९७ साली टिळकांची बाजू मांडणारे अॅस्क्विथ.

टिळक जिंकले ते तिसऱ्या वेळी, आणि तिथे ज्युरी नव्हती. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्याच्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीची जामीनकी मागितली. मॅजिस्ट्रेटला लेखी कारणे द्यावी लागतात. जिनांनी ती कारणेच न्या. बॅचलर आणि न्या. लल्लूभाई शहा यांच्यापुढे टाकली. भाषणे सलग वाचा, श्रोत्याच्या मनावर एकंदर काय ठसा उमटतो ते पाहा, असे न्यायमूर्तींनीही म्हटले. हुकूम रद्द झाला. दिवंगत ए. जी. नूरानी यांनी जिना-टिळक संबंधांवर जे पुस्तक लिहिले, त्यात या तिन्ही खटल्यांकडे एकत्र पाहिले आहे. आपल्याकडे ते फारसे वाचले गेले नाही, कारण जिनांचे नाव घेतले की संभाषण भलतीकडे जाते.

ज्युरीच्या समजावणीवरचा आपल्याकडचा शेवटचा मोठा वाद नानावटींचा. तिथे सगळे उलटे. आठ विरुद्ध एक अशा मताने ज्युरीने निर्दोष ठरवले आणि सेशन्स जज्ज मेहता यांना ते पटले नाही, म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने चार्ज तपासला आणि चुका मेहतांच्याच समजावणीत सापडल्या. अपघात झाला हे दाखवण्याचा भार कायद्याने आरोपीवर येतो, हे ज्युरीला सांगितले नव्हते. अचानक आणि गंभीर चिथावणी म्हणजे काय, हे नीट फोडून सांगितले नव्हते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने न्या. सुब्बाराव यांच्या निकालाने ते मान्य केले. म्हणजे चुकीच्या समजावणीचे हत्यार, जे आरोपीच्या हाती असायला हवे होते, ते इथे सुटका रद्द करायला वापरले गेले. कायद्याने ते चूक नव्हते. मला वैयक्तिकरीत्या निकालही बरोबर वाटतो. पण चौसष्ट वर्षांपूर्वी याच शहरात समजावणी 'एकंदरीत' वाचून चूक पोटात घातली होती, हे आठवल्याशिवाय राहत नाही. नानावटींमुळे ज्युरी गेली ही दंतकथा मात्र सोडून द्यावी. लॉ कमिशनने १९५८ सालीच ती बंद करायची शिफारस केली होती.

आणि तो शब्द? १९४२ साली फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी म्हटले की सार्वजनिक शांतता बिघडण्याची शक्यता असल्याशिवाय राजद्रोह होत नाही. १९४७ साली, जाता जाता, प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यातल्याच भालेराव यांच्या प्रकरणात ग्वायर चूक आणि १८९७ची समजावणी बरोबर असे सांगितले. नानावटींच्या निकालानंतर दोन महिने झाले नव्हते, तेव्हा २० जानेवारी १९६२ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी केदारनाथ सिंह प्रकरणात ग्वायर यांची बाजू घेतली. नुसती भावना पुरे नाही, हिंसेची किंवा अव्यवस्थेची चिथावणी हवी. स्ट्रेचींनी ज्युरीला जे 'महत्त्वाचे नाही' असे सांगितले होते, नेमके तेच आता महत्त्वाचे ठरले.

त्याच निकालात आणखी काही अपिले एकत्र ऐकली होती. त्यांतले एक होते १९५३ साली अलीगढला भरलेल्या मुस्लिम अधिवेशनाच्या स्वागताध्यक्षांचे. तिथे केलेल्या भाषणाबद्दल त्यांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती. कलमच घटनाबाह्य म्हणून अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना सोडले होते. सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवले, त्यामुळे ती सुटका रद्द झाली, आणि अप्रीतीच्या नव्या, अरुंद अर्थाने त्यांचे भाषण पुन्हा वाचावे म्हणून प्रकरण अलाहाबादला परत पाठवले. भाषण होऊन तेव्हा आठ वर्षे उलटली होती.